काओर : पूल, सैतान आणि आईची सही

निघण्याआधी : महबूला

फ्रान्सला जाऊन आलो म्हटल्यावर कुवेतमधल्या महबूलातल्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण एकच म्हणतो, "टॉवरखालचा फोटो दाखवा की!" तो फोटो आमच्याकडे नाही. पॅरिसमध्ये आम्ही फक्त गाडी बदलली. आम्ही गेलो काओरला. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. एवढा व्हिसा, एवढी पगाराची सर्टिफिकिटं, सिव्हिल आयडीच्या झेरॉक्सांचा एवढा गठ्ठा, आणि हे लोक टॉवर न बघता परत आले, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांनी काओर पाहिलेलं नाही, म्हणजे इमारतीतल्या सगळ्यांनीच, वाचावं.

तिसऱ्या मजल्यावरचे देशपांडे गेल्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला गेले होते. आल्यावर त्यांनी एका शुक्रवारी सगळ्यांना साबुदाण्याच्या खिचडीला बोलावलं आणि टीव्हीवर चारशे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत बर्फ कमी आणि देशपांडे जास्त. खिचडी खाल्लेली, त्यामुळे उठताही येईना. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरी येताना जिन्यातच जाहीर केलं, "आपण जायचं तर जिथे कोणी गेलं नाही तिथेच." मेधा इथल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मी त्याच हॉस्पिटलात एक्स-रे मशीनं दुरुस्त करतो. तिने जाहीर केलेल्या गोष्टी होतात, असा माझा एकोणीस वर्षांचा अनुभव आहे.

पण हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळं होतं. मला आईची सही हवी होती.

आई त्र्याहत्तर वर्षांची. चिपळूणला एकटी राहते. वाशिष्ठी नदी घरापासून हाकेच्या अंतरावर. वडिलांनी बांधलेलं चार खोल्यांचं स्लॅबचं घर, आता तिच्या नावावर. ज्या वर्षी अख्खं चिपळूण बुडालं, त्या वर्षी आमच्याही घरात पाणी आलं. तेव्हापासून मी तिच्या मागे लागलो होतो, की घर विकून टाक, पुण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतो, तिथे राहा. गिऱ्हाईक तयार, संमतीपत्र तयार, फक्त सही बाकी. फोनवर विषय काढला की आई म्हणायची, "अवी, तुझा आवाज येत नाहीये." बाकी सगळं बोलणं तिला व्यवस्थित ऐकू यायचं.

तेव्हा मी बेत केला. आईला परदेशी न्यायचं, खूश करायचं, नदीकाठच्या चांगल्याशा हॉटेलात जेवायला घालायचं, आणि जेवण अंगावर आलेलं असताना हळूच कागद पुढे सरकवायचा. काओर आईनेच निवडलं. ती पाटबंधारे खात्यात कारकून होती. पावसाळ्यात पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर पाणी किती आलं ते बघून वहीत लिहायचं, हे तिचं काम. तिच्या टेबलासमोर एका जुन्या कॅलेंडरचं चित्र वर्षानुवर्षं चिकटवलेलं होतं. तीन बुरुजांचा दगडी पूल, खाली शांत हिरवी नदी. "कुठे जायचं?" विचारल्यावर ती एका क्षणात म्हणाली, "त्या पुलावर." चित्राखाली गावाचं नाव होतं, काओर.

हा बेत मेधाला ठाऊक होता; बाहेर मी तो फक्त इक्बालभाईंना सांगितला. इक्बाल मुकादम मूळचे चिपळूणजवळच्या गोवळकोटचे. कारखान्यांच्या राई भागात त्यांचं पत्रे कापायचं, वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. माझ्या आधीपासून कुवेतमध्ये आहेत. त्यांनी गॉगल डोक्यावर चढवला आणि म्हणाले, "याला लाच म्हणतात, अविनाश."

"लाच कसली? हवापालट."

"मावशीला विचारलंस काय घर विकू म्हणून? नीट, समोर बसून?"

"विचारायलाच तर नेतोय!"

"चार हजार किलोमीटरवर?" असं म्हणून ते परत वेल्डिंगला लागले.

मी वेळापत्रक एक्सेलमध्ये केलं. शनिवारी संध्याकाळी पोहोचणे. रविवारी सकाळी बाजार, केशर खरेदी, चर्च. दुपारी एक वाजता नदीकाठी जेवण. अडीच वाजता सही. तीन वाजता नदीत होडीतून फेरफटका, म्हणजे सही झाल्यावर तिला काही वाईट वाटलंच तर हवा लागेल. मोबाइलमध्ये अडीचचा गजरही लावून ठेवला. मशीनं दुरुस्त करणारा माणूस आहे मी. सगळं वेळेवर व्हायला हवं.

शनिवार : काओर

आई मुंबईहून पॅरिसला एकटी आली. व्हीलचेअरवर. तिला चालता येतं, पण मेधाने तिकिटावरच लिहून घेतलं होतं. व्हीलचेअर ढकलणारा उंच आफ्रिकी माणूस आणि आई दोघं हसत बाहेर आले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी त्याला दोन मुली आहेत आणि धाकटीचे टॉन्सिल काढलेत हे आईला कळलेलं होतं. त्याच्या हातात फणसपोळीचा तुकडा होता. मी एकोणीस वर्षं अरबी लोकांत राहून "शुक्रन"च्या पुढे गेलो नाही.

पुढचा आगगाडीचा प्रवास वगळतो. आईने तो झोपून काढला, मी निळी फाइल मांडीवर घेऊन. त्या फायलीत व्हिसाचे कागद होते आणि सगळ्यात मागे ते संमतीपत्र. कुवेतमध्ये राहिलं की माणसाला फायलीची सवय लागते. कधी कुठला शिक्का कोण मागेल सांगता येत नाही.

काओर गावाला नदीने तिन्ही बाजूंनी वेढा घातलाय. ही नदी लॉत. नाव ऐकून आई म्हणाली, "लोट? बरोबर ठेवलंय." कुवेतमध्ये नदी नाहीच. पाणी समुद्राचं, मीठ काढलेलं, नळाला येतं. दोन-चार वर्षांतून कधी अर्धा तास जोराचा पाऊस आला की भुयारी रस्त्यात गाड्या तरंगतात, शाळांना सुट्टी मिळते आणि आम्ही लोक व्हिडिओ काढून गावी पाठवतो. त्यामुळे एवढं गोडं पाणी फुकट वाहताना बघून मला जरा अपराधीच वाटलं. आई मात्र कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ओढ आहे बरं का. वरून शांत दिसतेय, पण ओढ आहे."

रविवार

सकाळी नऊ वाजता आम्ही तयार होऊन बाहेर पडलो आणि गाव मेलेलं. दुकानांच्या फळ्या लावलेल्या. बाजाराच्या चौकात दोन कबुतरं. मला आधी वाटलं, कोणी मोठं माणूस गेलं बहुतेक. मेधाने मला दंडाला धरून उभं केलं.

"अविनाश, आज वार कोणता?"

"रविवार."

"रविवारी काय असतं?"

"ऑफिस," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

एकोणीस वर्षं शुक्रवार हा माझा रविवार आहे. रविवारी पहाटे गजर होतो, राईच्या सिग्नलला ट्रॅफिक लागतो, हॉस्पिटलात आठवड्याची सगळी बिघडलेली मशीनं माझी वाट पाहत असतात. जगात कुठे रविवारी सुट्टी असते ही गोष्ट माझ्या अंगातून पार निघून गेली होती. मी एक्सेलमध्ये रविवार निवडला तो "कामाचा दिवस, सगळं उघडं, गर्दी नाही" अशी शेजारी टीप लिहून! आणि बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. म्हणजे तो आम्ही आदल्याच दिवशी आरामात चुकवून आलो होतो. आई त्या बंद चौकाकडे बघत म्हणाली, "चिपळुणात होतास तेव्हा रविवारी अकरापर्यंत लोळायचास रे. तेवढं तरी लक्षात ठेवायचंस."

चर्च उघडं होतं. दोन प्रचंड घुमट, नऊशे वर्षं उभे. वर मान करून बघताना माझी मान आखडली. आत प्रार्थना चालू होती. आईने चप्पल काढायला सुरुवात केली, मेधाने थांबवलं, तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला आणि शेवटच्या बाकावर अर्धा तास मुकाट बसून राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "गाणं छान होतं. पण प्रसाद पुढच्यांनाच दिला."

एक वाजता मी नेटवर शोधलेल्या नदीकाठच्या हॉटेलसमोर आम्ही उभे होतो. हॉटेल बंद. शेजारचं बंद. त्याच्या पलीकडचं उघडं होतं, पण दारातल्या बाईने आमच्याकडे बघून बोट हलवलं. नाव आधी नोंदवलेलं नसेल तर जागा नाही. इथे लोक रविवारच्या जेवणाला तीन-तीन तास बसतात, हे मला दारातून दिसलं. कुवेतमध्ये कुठल्याही वेळी, कुठल्याही वारी, खैतानच्या एखाद्या गल्लीत गरम परोटा मिळतो. मी हे त्या बाईला इंग्रजीत सांगितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी एकमेव उघड्या बेकरीतून घेतलेला हातभर लांबीचा पाव तेवढा आमच्याकडे होता. आईने पिशवीतून मेतकुटाचा डबा काढला, तुपाची बाटली काढली, आणि नदीकाठच्या बाकावर आमची पंगत बसली. फ्रेंच पावाला मेतकूट-तूप लागतं हे फ्रेंचांना अजून कळलेलं नाही, त्यांचं नुकसान. मी तिसरा तुकडा तोंडात घालत होतो तेवढ्यात माझा मोबाइल वाजायला लागला. तो बाकावर आईच्या बाजूला होता. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "सही."

"कसली रे सही?"

"ऑफिसची," मी म्हणालो. मेधा नदीकडे बघायला लागली.

"रविवारी?" आई म्हणाली आणि डबा बंद करून उठली.

ती काठी टेकत काठाकाठाने चालायला लागली. पन्नास पावलांवर थांबली आणि तिने मला हाक मारली. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांशेजारी भिंतीला एक उभी पट्टी ठोकलेली होती, आकडे घातलेली. आईचा चेहरा एकदम फुलला. परदेशात माहेरचं माणूस भेटावं तशी ती त्या पट्टीशी बोलायला लागली. "मीटरमध्ये आहे. पण खाली शेवाळ धरलंय बघ, घासलेली नाही बरेच दिवसांत. असं चालत नाही."

शेजारी एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता. तोही थांबला. आईने काठीने पट्टीवरचा आकडा दाखवला, त्याने काहीतरी म्हटलं, आईने मान हलवली आणि एक बोट खाली केलं, म्हणजे एक सेंटीमीटर कमी. तो वाकला. डोळे बारीक करून पाहिलं. आणि हसून त्याने टोपी काढली. मेधाने मोबाइलवरचं भाषांतर मध्ये धरलं तेव्हा कळलं, त्याचं नाव मार्सेल, नदीवर होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी पाण्याची दारं असतात, त्या दारांवर त्याने जन्मभर नोकरी केलेली. मग दोघांनी मोबाइल बाजूला सारला. आई मराठीत, तो फ्रेंचमध्ये. मला दोन्ही भाषांतलं काही कळत नव्हतं, कारण दोघं पाण्याबद्दल बोलत होते.

त्याने आम्हाला घरी नेलं. घर काठावरच होतं. दगडी दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर पाच आडव्या रेघा कोरलेल्या, प्रत्येकीपुढे वर्ष. पुरांच्या खुणा. सगळ्यात खालची गुडघ्याएवढी. सगळ्यात वरची मार्सेलच्या हनुवटीला लागणारी, त्याच्या आजोबांच्या वेळची. आत तळमजल्यावर काहीच नव्हतं. लाकडं, एक होडी, दोन सायकली. दगडी जिना वर गेलेला आणि सगळं घर वर. पाणी येतं, त्याने हाताने दाखवलं, आम्ही वर जातो. पाणी जातं, आम्ही खाली येऊन धुतो. पुढच्या पिढीला कळावं म्हणून रेघ मारतो.

मग त्याने आपला तळवा सर्वांत वरच्या रेघेवर ठेवला आणि आईकडे पाहून भुवया उंचावल्या. तुमच्याकडे?

आईने काठी उलटी धरली आणि टोक भिंतीला लावलं. त्या रेघेच्या बरंच वर. मग नाही म्हणून मान हलवली. "काठी पुरत नाही. अवी, तू लाव हात."

मी भिंतीशी उभा राहिलो आणि हात वर केला.

"अजून वर."

मी हात ताणला.

"अजून. टाचा उचल. हां. तिथे."

माझा हात दाराच्या वरच्या दगडाच्याही वर होता. मी तसाच उभा राहिलो, कारण हात खाली घ्यायचं मला सुचेना. "आई, इथे म्हणजे... तू बुडाली असतीस."

"म्हणून तर स्वयंपाकघरातल्या माळ्यावर होते. पहाटे चढले. लोणच्याच्या बरण्या होत्या, त्या बाजूला सारून बसले. पाणी पंख्याच्या पात्याला टेकायला वीतभर राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं होडी घेऊन आली."

"तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं की. फोन लागल्या लागल्या सांगितलं, घरात पाणी आलं होतं, मी बरी आहे. तू विचारलंस, इन्व्हर्टर वाचला का. मी म्हटलं, नाही वाचला." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. तिला टोमणा मारायचा नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

मार्सेलने माझ्या हाताकडे पाहिलं, मग आईकडे. टोपी काढलेलीच होती, ती त्याने छातीशी धरली. मेधा रडत होती. आयसीयूमध्ये वीस वर्षं काढलेली बाई, मी तिला रडताना फारसं पाहिलेलं नाही. मार्सेलने आम्हाला वर नेऊन अक्रोडाचा केक दिला. माझा तुकडा बशीतच राहिला. आईने दोन तुकडे खाल्ले आणि साखर बेताची असल्याबद्दल त्याचं कौतुक केलं.

सोमवार

सोमवारीही निम्मं गाव बंदच. रविवारी आराम केल्याचा शीण असावा. पण पूल काही कोणी बंद करू शकत नाही.

व्हालंत्रे पूल म्हणजे खरोखर पाहण्यासारखी चीज आहे. चौदाव्या शतकातला. तीन उंच बुरुज, खाली टोकदार कमानी, शत्रू आला तर वरून गरम काय काय ओतायची सोय. आई पुलाच्या तोंडाशी पाच मिनिटं नुसती उभी राहिली. "चित्रात रंग जास्त हिरवा होता," ती म्हणाली. डोळे मात्र ओले होते. तीस वर्षं टेबलासमोर असलेल्या पुलाचा दगड तिने हाताने चाचपून पाहिला आणि मला वाटलं, वेळापत्रकाप्रमाणे काही झालं नाही तरी चालेल, एवढं तरी झालं.

पुलाची एक गोष्ट सांगतात. काम संपेना, तेव्हा बांधणाऱ्या गवंड्याने सैतानाशी करार केला. गवंडी सांगेल ती सगळी कामं सैतानाने करायची, बदल्यात गवंड्याचा आत्मा त्याचा. पूल होत आला तसा गवंडी घाबरला, आणि त्याने सैतानाला चाळणीतून पाणी आणायला लावलं. सैतान हरला. चिडून तो मधल्या बुरुजाचा कोपऱ्याचा दगड रोज निखळवायला लागला. पुढे डागडुजी करणाऱ्याने त्याच कोपऱ्यावर एक छोटा दगडी सैतान बसवला, दगड उपटायचा प्रयत्न करणारा, बोटं अडकलेला. मी हे सगळं मोबाइलवरून वाचून दाखवलं. आईने मान वर करून त्या सैतानाला नीट पाहून घेतलं.

"बिचारा," ती म्हणाली. "समोरच्यालाही कागद वाचता येतो हे त्याने धरलंच नाही."

मी मोबाइल खिशात टाकला.

"तुझ्या निळ्या फायलीतला शेवटचा कागद मी शनिवारीच वाचला. माझं इन्शुरन्सचं पत्र शोधत होते. 'सदर मिळकत' म्हणून जे लिहिलंय ना, त्यात मागची विहीर राहिलीय. असा मसुदा माझ्या टेबलावर आला असता तर परत पाठवला असता."

मेधा म्हणाली, "आई, मीसुद्धा यात होते. चूक आमची दोघांची." मला बायकोचा अभिमान वाटला, आणि तिने माझ्या आधी हे म्हटल्याचा रागही आला.

मग मीही बोललो. पुलाच्या मध्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या गर्दीत. "मला भीती वाटते गं. जून लागला की माझं कामात लक्ष नसतं. हातात एक्स-रे मशीन उघडलेलं आणि मोबाइलवर कोयनेच्या पाण्याची बातमी. तुला काही झालं तर मी कुवेतहून पोहोचेपर्यंत..."

"मग भिऊन मोबाइल काय बघतोस? ये की. एकोणीस वर्षांत एकदा तरी जुलैत आलास? डिसेंबरात येतोस, हवा चांगली असते म्हणून. कोरड्या घरात राहून जातोस आणि मला सांगतोस, घर धोक्याचं आहे." तिने हात पुढे केला. "काढ तो कागद. आणि पेन दे."

माझी आशा पालवली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा मला वाटलं की सही होतेय. मी घाईघाईने फायलीतून कागद काढला. आईने तो कठड्यावर ठेवला, सरळ केला, उलटा केला, आणि कोऱ्या बाजूवर आपल्या नेटक्या कारकुनी अक्षरात काढायला लागली. आधी घर. मग घराच्या मागून स्लॅबवर जाणारा जिना. वर एक खोली, मोरीसकट. मग दाराशेजारी एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे वर्ष.

"घर विकायचं नाही. मी पुण्यात सातव्या मजल्यावर बसून कोणाचं पाणी मोजू? जिना बांध, वर खोली बांध. सामान सगळं वर नेईन. त्या मार्सेलसारखं. आणि ही रेघेची पाटी बनवून आण, पितळेची. पण पोस्टाने पाठवायची नाही. तू येऊन लावायची. जुलैत."

वरचा सैतान बोटं अडकवून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

बुधवार

बुधवारी शेवटी बाजार भरला. चर्चसमोर तंबूच तंबू. बदकाचे नाना प्रकार, बकरीच्या दुधाचं रुपयाएवढं चीज, आणि या भागाची प्रसिद्ध काळी वाईन. आम्ही कुवेतवाले लोक वाईनच्या टेबलाजवळून जाताना उगाच इकडेतिकडे बघतो, जणू कोणी सिव्हिल आयडी मागेल. मेधाने एक घोट घेतला आणि म्हणाली, "कफ सिरप." मी दोन घेतले आणि काहीच बोललो नाही. इथे केशरही पिकतं. चिमूटभर केशराची काचेची डबी आईने उघडून हुंगली, आणि कुवेतच्या जुन्या सूकमधलं, म्हणजे बाजारातलं, इराणी केशर मी तिला दरवर्षी पाठवतो ते यापेक्षा बरं आहे, असं विकणाऱ्या बाईला मराठीत सांगितलं. बाईने खूश होऊन तिला अक्रोड दिले. या गावात आईला मराठीत जे मिळालं ते मला इंग्रजीत मिळालं नाही.

पुन्हा कुवेत : राई

आईला मुंबईच्या विमानात बसवून आम्ही परतलो. इमारतीत फोटो दाखवायचा शुक्रवार अजून व्हायचाय. माझ्याकडे पुलाचे बारा आणि एका फ्रेंच म्हाताऱ्याच्या भिंतीचे चाळीस फोटो आहेत. मेधाने खिचडी करायची ठरवली आहे, म्हणजे लोक बसतील.

परतल्यावर पहिल्याच रविवारी मी जुलैच्या सुट्टीचा अर्ज टाकला. साहेबाने विचारलं, जुलैत तिकडे पाऊस असतो ना? मी म्हटलं, हो.

मग संध्याकाळी कागद घेऊन राईला गेलो. इक्बालभाईंनी आईचं चित्र पाहिलं. मग कागद उलटून पुढची बाजूही वाचली. चुंबकाने तो कागद कटिंग मशीनवर लावला, चित्राची बाजू बाहेर. त्यावर ऑइलची बोटं उमटली. आता तो कुठल्याही ऑफिसात चालायचा नाही.

"पितळेची होईल," ते म्हणाले. "रेघ खोल मारतो. भोकं चार. लावायची किती उंचीवर?"

मी शटरशेजारच्या भिंतीशी उभा राहिलो, हात वर केला, टाचा उचलल्या. मार्सेलच्या दाराशी केलं होतं तसंच.

इक्बालभाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. "एवढं? मावशी कुठे होती मग?"

"माळ्यावर. लोणच्याच्या बरण्यांत. मला आता कळलं."

मी विचारलं, "तुमच्या गोवळकोटच्या घरात किती आलेलं?"

"आलेलं की. भरपूर आलेलं."

"भरपूर म्हणजे किती?"

इक्बालभाईंनी हात पुसले, मशीन बंद केलं. वर्कशॉपमध्ये एकदम शांत झालं. त्यांनी अम्मीला फोन लावला आणि आपल्या कोकणी बोलीत विचारलं, पूर आला तेव्हा घरात पाणी कुठवर होतं, नेमकं सांग. पलीकडे अम्मी बोलायला लागल्या. बराच वेळ बोलत राहिल्या. इक्बालभाई नुसते "हां" म्हणत भिंतीपाशी गेले. त्यांचा मोकळा हात आधी कमरेशी होता. ऐकता ऐकता तो भिंतीवरून वर सरकायला लागला.